सुट्टे अंक

तराजू माझ्या आधी पोचला आहे.

नारायणगावात सकाळचे साडेसात. पेठेतल्या एका चिंचोळ्या दुकानापुढे रद्दीवाल्याचा छोटा हत्ती उभा आहे आणि त्याने आपला लटकता काटा शटरच्या हुकाला अडकवूनही ठेवला आहे. दुकानावर दोन पाट्या आहेत. वरची पत्र्याची, रंग उडालेली: रेडिओ, ट्रान्झिस्टर, अँप्लिफायर दुरुस्ती. तिच्या निम्म्या भागावर नवा फ्लेक्स: मोबाईल रिपेअरिंग, स्क्रीन गार्ड, रिचार्ज. आत शिडीवर उभा राहून थोरला मुलगा पोटमाळ्यावरचे गठ्ठे खाली सोडतोय आणि त्याचा वीस वर्षांचा पोरगा ते झेलतोय. प्रत्येक गठ्ठ्यामागोमाग धूळ येते, तिच्यात वेखंडाचा वास मिसळलेला.

“बरं झालं आलात सर,” थोरला वरूनच म्हणतो. “मी याला नऊ सांगितले होते. हा साडेसहालाच दारात.”

“ऊन व्हायच्या आत उरकावं म्हनलं,” रद्दीवाला म्हणतो. त्याचंही बरोबर आहे. आज २८ फेब्रुवारी, दुपारचा चटका बसायला लागला आहे.

गठ्ठे थोरल्याच्या वडिलांचे. त्यांना सगळं गाव रेडिओकाका म्हणायचं. दोन वर्षांपूर्वी गेले. शाळा सातवीपर्यंतच झालेली, पण दिल्लीहून निघणारं ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ त्यांनी वर्षानुवर्षं घेतलं. ते मासिक सुरू झालं १९६९ साली. काकांकडचा सगळ्यात जुना अंक १९७१चा. इंग्रजी मजकूर त्यांना अडखळत कळायचा, सर्किट मात्र ते गडगडा वाचायचे, आपण हरिपाठ वाचतो तसं. त्याशिवाय ‘सायन्स टुडे’, १९२८ साली सुरू झालेलं पुण्याचं ‘सृष्टिज्ञान’, मुलांसाठी घेतलेलं बालभारतीचं ‘किशोर’, आणि काकूंचं ‘स्त्री’. मी सहावीत असताना घरचा बंद रेडिओ घेऊन या दुकानात आलो होतो. रेडिओ तासाभरात चालू झाला, मी मात्र पुढची पाच वर्षं इथेच बाकावर बसलो. आज शाळेत विज्ञान शिकवतो, त्यातलं निम्मं या बाकावरचं आहे.

काट्यावर पहिला गठ्ठा चढतो. अकरा किलो. दुसरा साडेनऊ. रद्दीवाला मनातल्या मनात बेरीज करतोय, मी मनातल्या मनात वजाबाकी.

गेले तीन महिने मी या गठ्ठ्यांसाठी स्थळं बघतोय, आणि कुठेच पत्रिका जुळत नाही. एका वाचनालयाच्या ग्रंथपालांनी मला चहा पाजला आणि कपाटं दाखवली. पुस्तकं दोन-दोन ओळींत कोंबलेली. “मासिकं आम्हीच वर्षाअखेर रद्दीत काढतो सर,” ते म्हणाले. १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली वाचनालयांना अ, ब, क, ड वर्ग मिळतात. तपासणीला येणारा माणूस पुस्तकं किती आणि चालू मासिकं किती येतात ते बघणार. १९७६च्या मार्चचा अंक त्याच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. एका महाविद्यालयाने सांगितलं, संच सलग असेल तर बांधून ठेवू. पुण्यातल्या माझ्या एका संग्राहक मित्राने फोनवर बजावलं, “काहीही कर, पण संच फोडू नकोस. सुट्टा अंक म्हणजे भेळेचा कागद.”

आणि गोम अशी की संच सलग नाही. १९७४चे सातच अंक आहेत. १९८१चे नऊ. म्हणजे संच म्हणून कोणी घेत नाही आणि सुटे द्यायचे तर पाप.

एका अंकाची दोरी सैल झाली आहे म्हणून मी तो उचलतो, तर कोपराच हातात येतो. सुक्या पानासारखा, चुरा होऊन. न्यूजप्रिंट म्हणजे लाकडाचा लगदा. त्यातलं लिग्निन उजेडाने पिवळं पडतं आणि कागदातलं आम्ल त्याला आतून खात राहतं. टाचण्यांच्या जागी गंजाचे दोन तपकिरी डाग. इथून पंधरा किलोमीटरवर जुन्नर. तिथल्या कागदी मंडळींनी हाताने केलेला जुन्नरी कागद पेशवाईत दप्तरांसाठी नावाजलेला होता, चिंध्या-गोणपाटाच्या लगद्याचा. तो कागद दोनशे वर्षांनंतरही हातात धडधाकट लागतो, आणि हा माझ्याहून लहान असलेला अंक म्हातारा होऊन बसला आहे. एक मात्र आहे. कसरीने याला हात लावलेला नाही. ते वेखंडाचं काम.

काकू ओट्यावर मेथी निवडत बसल्या आहेत. मी जवळ जातो तशा त्या मान वर न करता म्हणतात, “नेतोस ना रे? का त्यालाच द्यायचं?”

“नेतो काकू. गाडीत मावेल तेवढं.”

“‘स्त्री’चं पण ने. त्यातलं एक पान माझ्याकडं हाय, लोकरीच्या टोपड्याचं. तेवढं नाय द्यायची मी.” मग निवडलेली जुडी बाजूला ठेवून, “माझा हात आता चालत नाय. पर पान हाय.”

काट्यावरची बेरीज एकशे चौतीस किलोवर थांबते. वर्तमानपत्रं, कंपन्यांची दरपत्रकं, बियाण्यांच्या जाहिराती असं साठेक किलो रद्दीवाल्याकडे जातं. उरलेलं माझ्या गाडीच्या डिकीत आणि मागच्या सीटवर. थोरला नोटा मोजून खिशात घालतो, मग एक क्षण थांबून त्यातलीच पाचशेची काढून माझ्यापुढे धरतो: “पेट्रोलला.” मी हात जोडतो. तो जरा ओशाळतो. माझ्याबरोबर पोराला धाडतो. “याला आज दुकानात काही काम नाही. उचलाउचल करील.”

पोरगा पुढच्या सीटवर बसतो आणि पट्टा लावता लावता मला सांगतो, “सर, राग मानू नका. पण हे सगळं पीडीएफमध्ये मिळतं.”

* * *

खोडदचा रस्ता. दोन्हीकडे ऊस, मध्ये द्राक्षाचे मांडव. ऊसतोड टोळीचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत पुढे चाललाय, त्याला मागे टाकता येत नाही. पोराच्या बोलण्यावर मी विचार करतोय. ‘किशोर’पुरतं त्याचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. १९७१च्या नोव्हेंबरपासूनचे अंक बालभारतीने संकेतस्थळावर फुकट ठेवले आहेत. डिकीतले हे ‘किशोर’ उद्या जळाले तरी ‘किशोर’ काही बुडणार नाही.

मग उसाच्या शेंड्यांवरून रेडिओ दुर्बिणीची पहिली थाळी वर येते. कितीदाही पाहिली तरी मी गाडी हळू करतोच. ४५ मीटर व्यासाची एकेक, अशा तीस. चौदा इथे खोडदच्या परिसरात चौरस किलोमीटरभर जागेत, बाकी सोळा तीन फाट्यांवर, शेताशेतांतून दूरवर पसरलेल्या. भरीव पत्रा नाहीच. बारीक तारेची जाळी, ताणलेल्या दोरांच्या कैच्यांवर अंथरलेली, म्हणजे वारा आरपार जातो आणि खर्च आटोक्यात राहतो. डिझाइन रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांचं.

आज राष्ट्रीय विज्ञान दिन, दुर्बीण लोकांसाठी खुली. एसटी, शाळेच्या बस, पिकअप, त्यांतून उतरणारी पोरं, निळे-खाकी-गुलाबी गणवेश, पाण्याच्या बाटल्या. मांडवात शाळांची मॉडेलं मांडलेली आहेत. इंजेक्शनच्या सिरिंजवर चालणारे जेसीबी मी मोजतो. सात. खाण्याच्या सोड्याचे ज्वालामुखी चार. ध्वनिक्षेपकावरून एकसारखं सांगतायत, मोबाईल बंद ठेवा. हे ऐकून माझ्याबरोबरचा पोरगा खिशावर हात ठेवतो. त्याच्या धंद्याचा मालच इथे बंद.

“तुझे आजोबा रेडिओ लावून बसले आणि बाहेरून मोटारसायकल गेली की काय व्हायचं?” मी विचारतो.

“खरखर.”

“प्लगची ठिणगी. तेवढी ठिणगीसुद्धा रेडिओलहरी सोडते. या थाळ्या त्याहून कितीतरी क्षीण आवाज ऐकतात. म्हणून तर शांत जागा शोधत इथे आल्या.”

बाहेर चिंचेखाली, भेळवाल्यापासून थोडं लांब, मी डिकी उघडतो. माझा बेत साधा आहे. शाळांचे शिक्षक येतील, एकेकाला एकेक गठ्ठा देऊ. पहिले सर गठ्ठ्याकडे बघून विचारतात, “याची पावती द्यावी लागेल का?” दुसऱ्या बाई खूप आवडीने चाळतात आणि म्हणतात, “छान आहे हो, पण ठेवायचं कुठं? आमचं कपाट शिक्षकखोलीत आहे, त्यात पोषण आहाराची कागदपत्रं.” तिसरे नुसतेच हसून पुढे जातात. अर्ध्या तासात एकही गठ्ठा हललेला नाही. पोरं मात्र येतात, दोरीच्या फटीतून मुखपृष्ठावर बोट फिरवतात आणि जातात. बांधलेल्या गठ्ठ्याला कोण हात लावणार? तो कुणाचा तरी असतो.

“सर, हे बघा.” पोराने गठ्ठ्यांच्या मधून एक खताच्या कंपनीची डायरी ओढून काढली आहे. आत काकांचं अक्षर, पेन्सिलीचं, टेकून टेकून लिहिलेलं. तो मोठ्याने वाचायला लागतो.

“मे ७४, कळंबचा मोटारवाला. ऑगस्ट ७४, बेल्ह्याचा शिंपी, लाऊडस्पीकर. ऑक्टोबर ८१, खोडदचा पोऱ्या, सायकलवाला. परत नाही. पुढं लिहिलंय, असू दे.”

तो थांबतो, पान उलटतो. “जानेवारी ८३, पारगावचे मास्तर, पान फाडून आणला. नोव्हेंबर ८१, परत तोच खोडदचा पोऱ्या. सर, याला परत दिला!”

मी डिकीतल्या गठ्ठ्यांकडे बघतो. १९७४चे सातच अंक. १९८१चे नऊ. तीन महिने जी भोकं मी दुर्दैव म्हणून मोजत होतो ती काकांनी स्वतःच्या हाताने पाडलेली आहेत, आणि प्रत्येकाचा पत्ता लिहून ठेवलेला आहे. संच त्यांनी कधी केलाच नव्हता. संच आम्ही केला, ते गेल्यावर, दोरी बांधून.

“कात्री आहे का तुझ्याकडे?”

त्याच्याकडे स्क्रीन उचकायची पातळ पट्टी आहे. दोऱ्या तिनेच तुटतात. आम्ही सतरंजी अंथरतो आणि अंक पापडांसारखे मांडतो, एकावर एक न ठेवता. दहा मिनिटांत तिथे चपला काढून बसलेली वीसएक पोरं आहेत. कोण काय उचलतं याचा मला काही अंदाज येत नाही. चष्मा लावलेला एक पोरगा ‘सायन्स टुडे’चं मुखपृष्ठ बघतो, आत उघडतच नाही, आणि पोटाशी धरून पळतो. दोघी मैत्रिणी ‘किशोर’मधलं कोडं तिथेच सोडवायला बसतात, कुणीतरी पन्नास वर्षांपूर्वी निम्मं सोडवून ठेवलंय आणि ते चुकलंय म्हणून हसतात. पीडीएफमध्ये ते चुकलेलं कोडं नाही, हे मी पोराला डोळ्यांनी सांगतो. तो खांदे उडवतो.

मग एक मुलगी येते, नववीची असेल. तिच्या गळ्यात प्रदर्शनाचं कार्ड. तिने टाकी भरली की वाजणारा बझर केलाय आणि तो सकाळपासून वाजतच नाही. इलेक्ट्रॉनिक्सचे अंक ती उभ्यानेच चाळते आणि एका पानावर थांबते. तेच सर्किट, जवळजवळ. पाण्यात दोन तारा, एक ट्रान्झिस्टर, एक बझर. समासात काकांची पेन्सिल: ‘१४८ नसेल तर ५४८. पाय बघून लावणे.’

“पाय बघून म्हणजे?” ती विचारते.

मी तोंड उघडायच्या आत पोरगाच खाली बसतो. “कुठला लावलायस? बीसी ५४८? दाखव. जुन्या १४८चे पाय वेगळ्या क्रमाने यायचे. तू चित्र जुन्याचं बघून नवा लावला असणार.” ती मॉडेलच उचलून आणते. सोल्डरिंगची गन नाही, तारा पिळून जोडलेल्या आहेत, त्यामुळे सोपं आहे. तो पाय फिरवतो, ती पाण्याच्या बाटलीच्या झाकणात दोन तारा बुडवते. बझर असा किंचाळतो की भेळवाला मागे वळून बघतो. अंक ती नेते. पोरगा बराच वेळ गप्प असतो आणि मग म्हणतो, “मोबाईलमध्ये आता पाय दिसतच नाहीत सर. भिंगाखाली पण नाहीत.”

पोरं थाळ्यांकडे बघत उभी राहतात तेव्हा त्यांना सांगायला माझ्याकडे एक गोष्ट असते, मी दर वर्षी सांगतो. ऑस्ट्रेलियात पॉट्स हिल नावाच्या जागी सूर्याचा अभ्यास करायला उभ्या केलेल्या सहा-सहा फुटांच्या ३२ थाळ्या होत्या. त्यांचं काम संपलं, त्या मोडीत निघायच्या होत्या. तिथे शिकायला गेलेल्या गोविंद स्वरूप यांनी त्या आपल्या देशासाठी मागून घेतल्या. आधी दिल्लीला आल्या, तिथे काही वर्षं नुसत्या पडून राहिल्या, आणि १९६५ साली कल्याणला उभ्या राहून सूर्याकडे बघायला लागल्या. त्यानंतर उटीची दुर्बीण, त्यानंतर ही खोडदची. कुणाच्या तरी अंगणातलं मोडीत काढलेलं सामान मागून आणायला लाज वाटली नाही म्हणून. आज ही गोष्ट सांगताना माझी नजर सतरंजीकडे जाते. बत्तीस थाळ्यांपुढे माझी डिकी म्हणजे काहीच नाही, पण मनात येतं खरं.

बारा वाजता सतरंजीवर निम्मे अंक उरलेत. खोडदचा तो सायकलवाला पोऱ्या आता साठीला आला असेल. गर्दीतल्या प्रत्येक पिकल्या केसांच्या माणसाकडे मी उगाचच बघतोय.

* * *

मंचरला पोचायला दोन वाजतात. कळंबवरून येताना मोटार-रिवायंडिंगच्या दोन दुकानांत चौकशी केली. ७४ सालचा मोटारवाला कुणाला माहीत नाही, पण दुसऱ्याने मंचरच्या एका दुकानाचं नाव सांगितलं. “त्यांचे वडील आधी कळंबलाच होते.”

दुकानात शिरताच जळक्या वार्निशचा वास. जमिनीवर उघड्या पडलेल्या पाच हॉर्सपॉवरच्या मोटारी, त्यांच्या पोटातून ओढून काढलेली काळी पडलेली तांब्याची तार. उन्हाळा तोंडावर आलाय, म्हणजे यांचा हंगाम. शेतीला थ्री-फेज वीज बऱ्याचदा रात्रीची येते, त्यातला एखादा फेज उडतो, मोटार उरलेल्या दोनांवर घुमत राहते आणि जळते. शेतकरी अंधारात बघायला जात नाही, कारण उसात बिबट्या. सकाळी मोटार इथे.

मालक पन्नाशीचे. हात पुसत बाहेर येतात. मी डायरीतली ओळ दाखवतो. ते वाचतात, परत वाचतात.

“वडीलच असणार. नारायणगावला जायचे, सामान आणायला. पण मासिक-बिसिक नाही राहिलं हो काही. दुकान कळंबवरून इकडं हलवलं तेव्हा पोतंभर कागद निघाला होता. गेला असंल त्यात.”

मला काय हवं होतं? बहुतेक त्यांनी फळीवरून तेलकट झालेला तो मे ७४चा अंक काढून दाखवावा, असं. ते फळीवरून दोन ग्लास काढतात आणि चहा सांगतात.

चहा येईपर्यंत मी एक अंक पुढे करतो. त्यात सिंगल फेज प्रिव्हेंटरचं सर्किट आहे, मला वाटतं यांना उपयोगी. ते बघून मान हलवतात. “हे आता तयार डबीत येतं सर. बनवत कोण बसतंय.” पण पान उलटताना त्यांचा अंगठा दुसरीकडेच थांबतो. तारेच्या गेजचा तक्ता. कुठल्या नंबरच्या तारेची जाडी किती, किती अँपिअर सोसते. ते खिशातून मोबाईल काढतात, तक्त्याचा फोटो घेतात, आणि अंक मला परत देतात. “गेज बदलत नाही ना. पन्नास वर्षं झाली तरी बावीस म्हणजे बावीसच.”

पोरगा माझ्याकडे बघतो. पीडीएफवाल्यांचा एक गुण.

निघताना मालक गाडीपाशी येतात, जरा घुटमळतात. “सर, तो अंक ठेवताच का? त्याचं कव्हर जाड आहे. कॉईलचा फर्मा कापायला असला पुठ्ठा बरा पडतो.”

मुखपृष्ठावर १९७९च्या दिमाखाचा एक कॅसेट रेकॉर्डर आहे. पुण्याच्या मित्राला हे कळलं तर तो माझ्याशी बोलायचा नाही. मी अंक देतो. फर्मा होईल, आणि आतला तक्ता दुकानात राहील, खिळ्याला टांगलेला.

* * *

घोडेगाव मागे पडतं. पुढे डिंभ्याकडे रस्ता वर चढायला लागतो तशी ऊसशेती संपते, सागाची पानगळ झालेली, डोंगर कोरडे. हुतात्मा बाबू गेनूंचं नाव दिलेल्या जलाशयाचं पाणी काठापासून खाली उतरलंय, मातीच्या कडा उघड्या. याच पाण्याखाली तालुक्याला ज्याचं नाव आहे ते मूळ आंबेगाव. रस्त्याकडेला बायका जळणाच्या मोळ्या घेऊन परततायत. हिरड्याचा हंगाम जवळ आलाय, त्याच्या गप्पा.

आश्रमशाळेच्या फाटकाशी साडेपाच. इथले एक शिक्षक माझे जुने सहकारी. काल फोन करून ठेवला होता. मुलांचा खेळाचा तास आहे आणि तो संपेपर्यंत थांबायची माझी तयारी आहे, पण गाडीच्या डिकीचं झाकण वर जाताच कबड्डीचा डाव मोडतो. ओसरीवर अंक मांडायला पोरगा मला आता विचारतही नाही. चाळीसेक ‘किशोर’, वीस-बावीस ‘सृष्टिज्ञान’, इलेक्ट्रॉनिक्सचे उरलेले सहा, आणि काकूंचं ‘स्त्री’ तळाशी.

‘स्त्री’ स्वयंपाकाच्या मावशी उचलतात. पदराला हात पुसून एकेक पान बघतात. “लोकरीचं हाय का काही?” विणकामाचे तीन अंक सापडतात. चौथ्यातलं एक पान कापून नेलेलं. त्या चौकोनी खिडकीतून बोट घालून मावशी म्हणतात, “हे कुणी नेलं?”

“जिचं होतं तिने.”

“मग चांगलंच असणार,” मावशी म्हणतात आणि तो अंकसुद्धा घेतात.

मुलांमध्ये एक वेगळाच व्यवहार सुरू झालाय. ज्याला वाघाचं चित्र मिळालंय तो ते द्यायला तयार नाही, पण गोष्टीच्या बदल्यात कोडं द्यायला तयार आहे. शिक्षक ओरडतायत, “फाडू नका रे!” माझे कान टवकारतात, पण मी काही बोलत नाही.

ओसरीच्या टोकाला सातवीतला एक मुलगा रेडिओचं चित्र असलेला अंक मांडीवर घेऊन बसलाय. इंग्रजी वाचता येत नसावं, बोट मात्र सर्किटच्या रेघांवरून चाललंय, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, न उचलता. घर जलाशयाच्या पलीकडच्या वाडीत, होळीला जाणार. “आमच्या आजोबांचा रेडिओ बंद पडलाय,” तो म्हणतो. “यात लिहिलंय का, कसा करायचा?”

मी शेजारी बसतो. लेखात तसं काही नाही; लेख अँप्लिफायरचा आहे. पण काकांना जिथे मोकळी जागा दिसेल तिथे ते लिहायचे, आणि शेवटच्या पानावर जाहिरातीच्या वर, बारीक अक्षरात: ‘गिऱ्हाईक घाबरून येतं. आधी सेल. मग सेलची पट्टी पॉलिश पेपरने घासणे. मग बाकीचं.’

मुलगा मोठ्याने वाचतो. “पट्टी म्हणजे?”

“सेल जिथे टेकतो ती. हिरवी झाली असेल.”

“हिरवी झालीय!” तो जवळजवळ उडी मारतो. मग अंक बंद करून माझ्याकडे बघतो, एकदम जबाबदार चेहऱ्याने. “परत कधी द्यायचा?”

“द्यायचा नाही. तुझा.”

माझ्याबरोबरच्या पोराने तोवर खताच्या कंपनीची डायरी उघडली आहे. काकांची शेवटची नोंद निम्म्या पानावर संपते, खाली निम्मं पान कोरं. तो पेन काढतो, वर तारीख घालतो.

“द्यायचा नाही, तर मग वहीत कशाला लिहिता?” सातवीतला विचारतो.

पोरगा माझ्याकडे बघतो. मी काहीच बोलत नाही.

“नाव सांग,” तो मुलाला म्हणतो. “आणि वाडीचं पण.”